जाळीआडच्या कानांची बखर

॥ श्रीपिता श्रीपुत्र श्रीपवित्रात्मा प्रसन्न ॥ जो मुक्यास वाचा देतो आणि बोलक्यास ऐनवेळी मुके करितो, त्या दयाघनास नमन करून, आणि ज्यांचे हस्ते बखरकाराचे घरचे बाप्तिस्मे, लग्ने व मर्तिके आजवर बिनतक्रार उरकली त्या समस्त स्वामीमंडळास दंडवत घालून (कारण घरात अजून दोन लग्ने व्हावयाची आहेत), हकीकत लिहिली जाते ऐसीजे: शके १९४०, विलंबी नाम संवत्सर. नाव संवत्सराचे खरे, परंतु त्या राज्याचे कारभारासही चांगले शोभत होते.

पश्चिम समुद्राचे काठी, केळीच्या बागा आणि पांढऱ्या मनोऱ्यांची देवळे यांनी भरलेले एक राज्य होते. राज्याचे नाव लिहू नये ऐसी ताकीद आहे, आणि ताकीद कोणी दिली तेही लिहू नये ऐसी दुसरी ताकीद आहे, म्हणोन दोन्ही लिहिली नाहीत. राज्यावर महास्वामी विराजमान होते, त्यांचे उजवे हाताशी प्रधानस्वामी, आणि गावोगावच्या देवळांवर एकेक ठाणेस्वामी नेमिलेले, आणि रयत भाविक, गळ्यात क्रूस, रविवारी देवळात आणि सणास बेंडबाजा, ऐसे सर्व यथास्थित चालले होते. त्या स्वामींत चांगलेही पुष्कळ होते, आजाऱ्याचे उशाशी रात्र काढणारे, पुरात गळाभर पाण्यात उतरणारे. त्यांची बखर कोणी लिहीत नाही, कारण त्यांजविरुद्ध तक्रार नसते, आणि तक्रारीवाचून बखरीस रंग चढत नाही.

आता या राज्यात तक्रारीचा कायदा मोठा नामी होता. पूर्वी एक बुद्धिवान प्रधान होऊन गेले. त्यांचे कानी ठाणेस्वामींचे आगळिकीच्या गोष्टी वरचेवर येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढिली. परराज्यातील वाचकास सांगणे प्राप्त आहे की, या लोकांचे देवळात एक लाकडी कोठडी असते, तीस मध्ये जाळी, जाळीचे एका अंगास स्वामी बसतात, दुसऱ्या अंगास रयतेने गुडघे टेकून आपली पापे सांगावी. यास पापनिवेदन म्हणतात. आणि जाळीतून जे ऐकले ते स्वामींनी मरेतो कोणास सांगू नये, त्यावर काही करू नये, ऐकिले होते ऐसे चेहऱ्यावरही दिसू देऊ नये. व्यवस्था पवित्र, आणि चुकल्या माणसास मोठाच आधार. परंतु त्या प्रधानांनी विचार केला की, जिथे पाप इतके सुखरूप राहते तिथे तक्रार का राहू नये? मग त्यांनी वहिवाट पाडिली की, स्वामींविरुद्ध कोणास काही म्हणणे असेल तर त्याने ते जाळीतूनच म्हणावे. येणेकरून तक्रार ऐकिलीही जाई आणि कोणास ठाऊकही नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकणारा हात देवाचा, मग उघडणार कोण? आणि प्रत्येक तक्रारीवर उतारा एकच ठरविला, की 'प्रार्थना करा'. या वहिवाटीने राज्यात तीस वर्षे एकही तक्रार झाली नाही, आणि या कीर्तीने परदेशचे वकील येऊन चकित होऊन गेले.

त्या राज्यात तळेआळी म्हणोन एक वस्ती, आणि तिथे कोतरीनबाई राहात होती. बाई विधवा, वाडीत मोगरा आणि सोनटक्का लावी, बाजारास फुले पाठवी, आणि त्यातली पहिली ओंजळ देवळाचे वेदीस नेऊन घाली. तीस एकच लेक, लुद्रीन, वय तेवीस. देवळात बाजाची पेटी वाजवावी ती लुद्रीननेच. तिचे हाताखाली ती जुनी पेटी ऐसी गाई की म्हाताऱ्यांस आपले लग्न आठवे. कोतरीनबाई गायनात शून्य, तरी दर रविवारी पेटीचे बाजूचे बाकावर बसावयाची, आणि लेकीचे बोटांकडे पाहात राहावयाची. तो तिचा सण, तेच तिचे वैभव.

त्या ठाण्यावर ऑस्वल्डस्वामी आले. स्वामी गोरेपान, बोलणे मधाळ, आणि गावात येताच त्यांनी दोन महिन्यांत देवळास नवा रंग दिला, त्यामुळे पंचमंडळी भारून गेली. आणि श्रावणात, मरियेचे जन्माचा सण जवळ आला, तेव्हा गायनाची तालीम संपल्यावर स्वामींनी लुद्रीनला कचेरीत बोलाविले, सणाची गाणी ठरवू म्हणाले, आणि दारास आतून कडी घातली, आणि गाणी राहिली बाजूस, तिचे अंगास हात लाविला. ती ओरडली, मग तिने टेबलावरची मेणबत्त्यांची पेटी त्यांचे पायावर लोटिली आणि कडी काढून पळाली. पायातली एक चप्पल तिथेच राहिली. दुसरे दिवशी स्वामींनी ती चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून देवळाचे गड्याहाती घरी पोचती केली, आणि निरोप दिला की, मुलगी तालमीस येता-जाता वेंधळेपणा फार करिते, आईने लक्ष द्यावे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फरक इतकाच की या बोंबा हळू आणि गोड आवाजात होत्या.

लुद्रीनने आईस सर्व सांगितले. आईने ऐकले, आणि ती तडक पंचांकडे गेली. पंचांनी चहा पाजिला, आणि स्वामींनी दिलेला नवा रंग दाखविला, आणि पाण्यात राहून माशाशी वैर बरे नव्हे ऐसे समजाविले. आणि तो रविवार आला तेव्हा ऑस्वल्डस्वामी प्रवचनास उभे राहिले, आणि सर्व पवित्र पुस्तकात त्यांस त्या दिवशी नेमकी पोटीफरचे बायकोचीच गोष्ट सापडली: योसेफ नामे साधुपुरुष, मालकाचे बायकोने त्याजवर भलता आळ घेतला, आणि बिचारा तुरुंगात गेला. गोष्ट रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हणाले की, आपल्यातही ऐश्या बायका असतात, तरी आपण त्यांसाठी प्रार्थना करू. आणि सगळ्या देवळाच्या माना पेटीकडे वळल्या. लुद्रीनने पुढच्या गाण्याचा पहिला सूर धरिला होता, तो तिने तसाच सोडला, आणि पेटीचे झाकण लाविले, आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. जेवण दोन घास, बोलणे त्याहून कमी. आळीतील मोनाबाय मासळीवाली, जिचे तोंडास तिचे कोयत्याइतकीच धार, ती कुंपणापलीकडून बोलली की, आग असल्याशिवाय धूर निघत नाही गो. ते लुद्रीनने ऐकले, आणि खिडकीही लाविली.

आता कोतरीनबाईला काय पाहिजे होते ते वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे, कारण दरबारास ते शेवटपर्यंत समजले नाही. तीस स्वामीचे रक्त नको होते, भरपाई नको होती, कोर्टकचेरीही नको होती. ज्या वेदीवरून तिची लेक खोटी ठरली, त्याच वेदीवरून कोणी एकदा म्हणावे की पोर खरे बोलते. एवढे एक वाक्य. ते ऐकल्यावाचून लेक खिडकी उघडणार नाही, हे आईचे काळजास कळले होते.

मग बाईने नवी साडी नेसून, सोनटक्क्याचा गजरा वर्तमानपत्रात बांधून राजधानीस प्रयाण केले आणि प्रधानस्वामींचे भेटीस गेली. प्रधानस्वामी फार प्रेमळ. त्यांनी खुर्ची दिली, बिस्किटे आणविली, फुलांचा वास घेतला, आणि बाईने 'आमच्या ऑस्वल्डस्वामींनी' एवढे उच्चारिताच हात वर करून तीस थांबविले आणि म्हणाले की, ऐसे जड ओझे खुर्चीत बसून उतरत नसते, चला, जाळीपाशी चला. बाई भोळी, तिला वाटले की मोठी माणसे मोठ्या गोष्टी मोठ्या जागी ऐकत असतील. ती गुडघे टेकून बसली आणि जाळीतून सर्व सांगितले, कडी, हात, चप्पल, पोटीफरची बायको, सगळे. पलीकडून सुस्कारे ऐकू आले. मग आवाज आला की, तुझे मनात स्वामींविषयी राग आहे, तो पापच, त्याचे प्रायश्चित्त म्हणोन एक जपमाळ म्हण, आणि प्रार्थना कर. बाईने जपमाळ म्हटली. मग दोघे बाहेर आली, आणि बाईने विचारिले की, आता पुढे काय करणार?

"कशाचं पुढे?" प्रधानस्वामी म्हणाले.

"आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, लुद्रीनचं."

"बाई, मला तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. लुद्रीन कोण?"

आणि त्यांचे चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हते, पुसलेल्या पाटीसारखा स्वच्छ चेहरा. बाईने जाळीकडे पाहिले, स्वामींकडे पाहिले, आणि तिचे ध्यानात आले की आपण विहिरीत घागर सोडिली आणि दोर हातातून गेला. प्रधानस्वामींनी तीस उरलेली बिस्किटे बांधून दिली. मोठे उदार.

यावरी बाई महास्वामींकडे गेली. तिथेही खुर्ची, तिथेही चहा, तिथेही जाळी. बाईने या खेपेस सांगितले की, मला पापनिवेदन करावयाचे नाही, माझे पाप नाही, पाप दुसऱ्याचे आहे. तेव्हा महास्वामी कनवाळू स्वराने म्हणाले की, पाप कोणाचेही असो, कोठडी तीच. बाई पुन्हा गुडघे टेकून बसली, कारण उभ्याने कोणी ऐकेना. पलीकडे महास्वामींनी डोळे पुसले ऐसे जाळीतून दिसले, आणि ते खरेच होते, लटके नव्हे. आणि बाहेर आल्यावर विचारिले की, यंदा मोगरा कसा काय आहे? बाई म्हणाली की, बरा आहे. आणि रस्त्यावर येऊन रडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकून ठाऊक होता, परंतु इथे तोंड त्यांनी आपलेच दाबून घेतले होते आणि मार तिला बसत होता.

इकडे दरबारात हालचाल नव्हती म्हणावे तर तसेही नव्हे. ठाण्यातील गायन बंद पडल्याचे राजधानीस कळले, तेव्हा तीन स्वामींची चौकशी नेमिली. पैकी एक ऑस्वल्डस्वामींचे वर्गबंधू, एक त्यांचे मामेभाऊ, आणि तिसरे निःपक्षपाती, म्हणजे त्यांस ऐकू येण्यापूर्वीच झोप लागत असे. त्यांनी ठाण्यास भेट दिली, कोंबडीचे जेवण घेतले, पेटी उघडून पाहिली, आणि निर्णय दिला की भात्यास दमट हवा लागल्याने सूर बसला आहे, सबब पेटी उन्हात ठेवावी. पेटी उन्हात ठेविली. वाजविणारी काळोखात बसली आहे, तीस कोणी विचारिले नाही.

आणि पौषात वार्ता आली की, देवळाचे येत्या सणास खुद्द महास्वामी ठाण्यास येणार, आणि ऑस्वल्डस्वामींस जांभळा पट्टा बांधून सर्व राज्यातील तरुण मुलामुलींचे मार्गदर्शक नेमणार. कुंपणच शेत खाते हे पूर्वी ऐकले होते. इथे कुंपणास सगळ्या शिवाराची पाटीलकी मिळत होती. कोतरीनबाईने ऐकिले, आणि त्या रात्री ती जेवली नाही. लेकीने इतक्या दिवसांनी स्वतः होऊन एक वाक्य उच्चारिले.

"आई, आता दुसऱ्या कुणाची तरी चप्पल राहील."

ते ऐकून बाईस पुन्हा पाऊल उचलणे भाग पडले. गावाचे टोकास म्हाताऱ्या स्वामींचा आश्रम होता. तिथे इनासस्वामी म्हणोन एक वृद्ध राहात, त्यांनी एके काळी कोतरीनबाईचे लग्न लाविले होते. आता गुडघे गेले, चाकाचे खुर्चीत बसत, आणि कानांनी जवळजवळ बहिरे. तरी शनिवारी देवळात आणून त्यांस कोठडीत बसवीत, कारण बहिऱ्या स्वामींपुढे पाप सांगावयास रयत फार खूष. बाई गेली, आणि सवयीने जाळीशी हळू आवाजात सांगू लागली. स्वामी पलीकडून म्हणाले की, मोठ्याने बोल. ती थोडे मोठ्याने बोलली. स्वामी म्हणाले, अजून मोठ्याने, मला ऐकू येत नाही. तेव्हा बाई, जी जन्मात कधी आवाज चढवून बोलली नव्हती, तिने पोटातून आवाज काढिला आणि सर्व हकीकत ऐसी सांगितली की वरचे कबुतर उडाले. बाहेर रांगेत तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी ऐकिले, आणि घाबरून जपमाळा भरभर ओढू लागल्या. देऊळ कोसळले नाही. वीज पडली नाही. बाईस मोठे नवल वाटले की, ही गोष्ट मोठ्याने बोलता येते.

इनासस्वामींनी जाळीवर कपाळ टेकिले. मग म्हणाले, "माझं तोंड बांधलेलं आहे, पोरी. मी हे कुणाला सांगू शकत नाही, आणि ते मला जाचतं."

"प्रायश्चित्त काय करू, फादर?"

"तुला कसलं प्रायश्चित्त? ते आम्हांला आहे."

बाई घरी आली ती सबंध वाट विचार करीत. तोंड त्यांचे बांधलेले. माझे कोणी बांधले? आणि सगळ्यांनी मला एकच सांगितले, प्रार्थना कर. प्रधान म्हणाले, महास्वामी म्हणाले, आणि तो मेला ऑस्वल्ड, तोही वेदीवरून तेच म्हणाला. बरे आहे, करू या प्रार्थना.

इथे वाचकांस आणिक एक रीत सांगितली पाहिजे. या लोकांचे उपासनेत प्रवचनानंतर विनंत्या असतात. आळीपाळीने एकेका आळीतील माणसाने वेदीपाशी ध्वनिक्षेपकावर उभे राहावे, आणि 'आजाऱ्यांसाठी', 'पावसासाठी', 'राज्यकर्त्यांसाठी' ऐशी एकेक विनंती करावी, आणि प्रत्येकीचे शेवटी 'आपण प्रार्थना करू या' म्हणावे, आणि सर्व रयतेने एका सुरात उत्तर द्यावे, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे'. हे उत्तर रयतेस आईचे दुधाबरोबर मिळालेले. कोणी पेंगत असो, कोणी पुढचीचे लुगड्याचा काठ पाहात असो, घरच्या आमटीची चिंता करीत असो, 'करू या' ऐकले की तोंड आपोआप उघडते. विनंती काय होती हे निम्म्यांस ठाऊक नसते, आणि उरलेल्या निम्म्यांस ठाऊक असण्याची गरज नसते. आणि त्या सणास पाळी तळेआळीची होती, आणि वाचावयाचे कोतरीनबाईचे नशिबी आले होते. पंचांनी ते काढून घेण्याचा विचार केला, परंतु मग प्रश्न निघाला असता की का काढिले, आणि का तर कोणास काही ठाऊक नव्हते. आपलेच युक्तीत आपण ऐसे सापडावे! सणाचे सकाळी बाई निघाली तेव्हा लेकीस इतकेच म्हणाली की, आज विनंत्या मी म्हणणार आहे, यायचं तर ये, नाही तर खिडकी तेवढी उघडी ठेव.

सणाचा दिवस. पताका, बेंड, केळीचे खांब, महास्वामी पालखीसारख्या मोटारीतून उतरले, प्रधानस्वामी मागे, तबकात जांभळा पट्टा. देवळात मुंगीस जागा नाही. पेटीवर मात्र कोणी नव्हते, कारण उन्हात ठेवूनही ती आपोआप वाजेना. ऑस्वल्डस्वामी वेदीवर महास्वामींचे शेजारी, तेज ऐसे की पाहणाऱ्याने दिपून जावे. महास्वामींचे प्रवचन झाले, तरुणांस कसे जपावे यावर. मग कोतरीनबाई उठली. तीस स्वामींकडून विनंत्यांचा कागद मिळाला होता, तो तिने घडी करून कमरेस खोचला.

पहिली विनंती महास्वामींचे आयुरारोग्यासाठी केली. 'आपण प्रार्थना करू या.' रयत गर्जली, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.' दुसरी पीकपाण्यासाठी. रयत पुन्हा गर्जली. आणि मग कोतरीनबाईने पदर सावरला, आणि बहिऱ्या स्वामीपुढे काढिला होता तोच आवाज काढून, त्याच चालीवर, म्हणाली:

"या देवळाच्या कचेरीत ऑस्वल्डस्वामींनी दाराला कडी लावून एका मुलीच्या अंगाला हात लावला. ती मुलगी खरं बोलली आणि तिलाच या वेदीवरून खोटं ठरवलं. तिच्यासाठी आपण प्रार्थना करू या."

आणि सगळी रयत, दोन हजार तोंडे, आणि वेदीवरील समस्त स्वामीमंडळ, एका सुरात गर्जले की, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.' महास्वामींचे गळपट्टीस ध्वनिक्षेपक लाविला होता, सबब त्यांचा स्वर सर्वांहून ठळक, दाराबाहेरचे फुगेवाल्यापर्यंत पोचला. खुद्द ऑस्वल्डस्वामी सवयीने तेच बोलून गेले, आणि तोंड मिटताना त्यांस अर्थ लागला. मग एकेकास अर्थ लागत गेला, पुढचे बाकापासून मागे. ऐसी शांतता त्या देवळात बांधल्यापासून झाली नव्हती. प्रधानस्वामींनी गायकांस खूण केली की काहीतरी गा, परंतु सूर देणारे कोणी नव्हते, आणि गायक एकमेकांकडे पाहात राहिले.

कोतरीनबाईने चौथी विनंती केली. ज्यांनी ही गोष्ट जाळीपलीकडून ऐकली आणि ज्यांची तोंडे बांधली गेली, त्यांची सुटका व्हावी, म्हणोन प्रार्थना करू या. या खेपेस कोणी बोलेना. सवय जागी झाली होती आणि विचारात पडली होती. मग पुढचे ओळीतून चाकाचे खुर्चीतला एक फाटका, मोठा आवाज आला, कारण बहिऱ्यास आपला आवाज मोठा आहे हे कळत नाही. इनासस्वामी एकटेच म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे." आणि त्यांचे डोळ्यांतून पाणी वाहात होते.

पाचवी विनंती बाईस सुचली होती, परंतु तीत लेकीचे नाव येत होते, आणि ते घेण्यास ती धजेना. ती तशीच उभी राहिली, आणि प्रधानस्वामींस हायसे वाटू लागले. तेव्हा मागचे दारापाशी हालचाल झाली. डोईवर ओढणी, उन्हात न गेल्याने वर्ण फिका, ऐसी लुद्रीन मधल्या वाटेने चालत आली, ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने. माना पुन्हा वळल्या. ती आईचे शेजारी उभी राहिली आणि आईचा हात धरून ध्वनिक्षेपकात बोलली.

"ती मुलगी मी. माझ्यासाठी प्रार्थना करा."

आणि थांबली. कोणाचे तोंड आपोआप उघडले नाही. या वेळी प्रत्येकास आपले आपण ठरवावयाचे होते, आणि ते रयतेस नवीन होते. तेव्हा बायकांचे बाजूने मोनाबाय मासळीवाली उठून उभी राहिली. तिचे तोंड लाल झाले होते. ती लुद्रीनकडे पाहून, वेदीकडे न पाहता, म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे." मग त्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्या उठल्या, मग त्यांचे मागची ओळ, मग पुरुषांची बाजू, एकेक बाक, एकेक आवाज, काही रडके, काही अडखळते. सुरात नव्हते. बखरकाराने आयुष्यात इतके चांगले गायन ऐकलेले नाही.

यावरी दरबाराचा पराक्रम थोडक्यात सांगतो. जांभळा पट्टा तबकातून जसा आला तसा परत गेला. ऑस्वल्डस्वामींची प्रकृती त्याच दुपारी बिघडली, आणि ते हवापालटासाठी व चिंतनासाठी थंड हवेचे ठिकाणी रवाना जाहले, कोठे ते कोणास ठाऊक नाही. राजधानीचे वार्तापत्रात छापून आले की, सण शांततेत व भक्तिभावाने पार पडला, आणि लोकांनी विनंत्यांत विशेष उत्साहाने भाग घेतला. प्रधानस्वामींनी तळेआळीस जाब विचारण्याचे ठरविले, परंतु बाईने केली ती प्रार्थना, आणि तिजवर महास्वामींसकट सर्वांनी आपल्या मुखे मोहोर उठविली. झालेली प्रार्थना मागे घेण्याचा विधी शोधावयास तीन पंडित बसविले. पंडितांनी सर्व ग्रंथ चाळिले. ऐसा विधी राज्यात नाही. शेवटी महास्वामींनी एके दिवशी बिनजाळीची खोली उघडली, खिडकी आहे, दोन खुर्च्या आहेत, आणि लिहून घेणारी एक बाई बसते, आणि तिथे काय सांगितले ते दुसरे दिवशीही आठवते. खोली लहान आहे. रांग मोठी आहे, तीस वर्षांची.

आणि पुढच्या रविवारी लुद्रीनने पेटीचे झाकण उघडिले. भाता खरोखरच जरा दमटला होता. बाजूचे बाकावर कोतरीनबाई बसली होती, लेकीचे बोटांकडे पाहात.

तात्पर्य: राज्य आहे, महास्वामी आहेत, विनंत्याही आहेत, फक्त त्यांचा कागद आता तीन ठिकाणी तपासला जातो. वेदीवरून आजही कोणीतरी म्हणतो, आपण प्रार्थना करू या. रयत आजही उत्तर देते. परंतु उत्तर देण्याआधी ती क्षणभर थांबते, काय मागितले ते ऐकून घेते, आणि मगच तोंड उघडते. आणि दरबारास सांप्रत कशाची धास्ती असेल तर त्या एका क्षणाची आहे. इति.